तैलरंगांत नदीचे निसर्गचित्र: पहिल्या रेखाटनापासून व्हार्निशपर्यंत

नदीचे चित्र बहुतेक वेळा फसते ते पाणी आडवे न पडल्यामुळे. रंगाचा दोष त्यामानाने किरकोळ असतो. आकाश नीट जमलेले असते, झाडांना खोली आलेली असते, दगडही वजनदार वाटतात. पण पात्र मात्र चढावरच्या रस्त्यासारखे चित्राच्या वरच्या अंगाला चढत जाते, आणि मग त्यावर कितीही तरंग आणि चमक काढली तरी पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. म्हणून या लेखात पाण्याची सपाटी हाच धागा धरला आहे. रेखाटन, छटांची मांडणी, कडांचा मऊपणा, ब्रशची दिशा ही सगळी कामे त्यासाठीच करायची असतात. तरंगांचा क्रमांक अगदी शेवटी लागतो.

समजायला सोपे जावे म्हणून एकच नमुना डोळ्यांसमोर ठेवू. ४० × ५० सेंटीमीटरचा आडवा कॅनव्हास आहे. दूर फिकट डोंगर, त्यांच्या पायथ्याशी पलीकडच्या काठावर दाट झाडी, डावीकडून वळण घेत पुढे येणारी संथ नदी, आणि अगदी पुढ्यात उथळ पाणी व त्याच्या तळाचे दगडगोटे. वेळ सकाळची, प्रकाश उजवीकडून. पाण्याचे बहुतेक प्रश्न एवढ्यात येऊन जातात. ज्यांनी तैलरंग कधीच हाताळले नाहीत त्यांनी आधी एखाद-दोन साधी स्थिरचित्रे करावीत. ओल्या रंगावर ओला रंग कसा सरकतो हे हाताला ठाऊक नसेल तर पाण्याच्या भागात गोंधळ उडतो.

साहित्य

रंग थोडेच घ्यावेत. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियम लेमन, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, पर्मनंट अलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू आणि व्हिरिडियन या ९ ट्यूबांत हे संपूर्ण चित्र होते. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो आणि रंगाच्या नावापेक्षा तोच अधिक भरवशाचा असतो. अल्ट्रामरीनचा क्रमांक पीबी २९, टायटॅनियम व्हाइटचा पीडब्ल्यू ६. जुन्या अलिझरिनचा पीआर ८३. हा रंग उजेडात फिका पडतो, विशेषतः पांढऱ्यात मिसळल्यावर किंवा पातळ थरात, म्हणून ‘पर्मनंट’ नावाने मिळणारा पर्यायी रंग घ्यावा. नावापुढे ‘ह्यू’ असे लिहिले असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी दुसऱ्याच द्रव्यांचे मिश्रण आहे असे समजावे. सरावाला ते चालते, पण मिश्रणात ते मूळ रंगासारखे वागेलच असे नाही.

काळा रंग लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांचा गडद काळा होतो आणि कोणता रंग अधिक घालतो त्याप्रमाणे तो थंड (निळसर) किंवा उष्ण (तांबूस-तपकिरी) करता येतो. तयार हिरव्याचा मोहही टाळावा, कारण ट्यूबमधला हिरवा सरळ लावला की सगळी झाडी एकाच रंगाची आणि कृत्रिम दिसू लागते. अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर यांतून मंद, करडा हिरवा मिळतो, तो दूरच्या झाडीसाठी उत्तम. अल्ट्रामरीन आणि कॅडमियम लेमन यांतून उन्हातला हिरवा मिळतो. आणि दोन्ही फार बोलू लागले तर बर्न्ट सिएनाचा किंचित स्पर्श त्यांना शांत करतो. व्हिरिडियन अतिशय जोरकस रंग आहे. तो ब्रशच्या टोकावर येईल इतकाच घ्यावा.

ब्रशांपैकी डुकराच्या राठ केसांचे चपटे ब्रश १०, ६ आणि ४ क्रमांकांचे, सुमारे २५ मिलिमीटर रुंदीचा एक मऊ चपटा ब्रश, एक लांब केसांचा बारीक रिगर आणि एक पॅलेट नाइफ पुरेत. मऊ चपटा ब्रश पाण्यासाठी आहे. त्याने दुसरे कोणतेही काम करू नये.

कॅनव्हास जेसोचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, थर दिलेलाच घ्यावा. कोऱ्या कापडावर थेट तैलरंग लावला तर तेल धाग्यांत शिरते आणि काही वर्षांत कापड ठिसूळ होते.

तैलरंग वाळतो म्हणजे त्यातले तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होत जाते आणि या क्रियेला वेळ लागतो. खालचा थर तेलकट आणि वरचा रुक्ष असेल तर वरचा आधी आखडतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. म्हणून पहिल्या थरात रंग टर्पेंटाइनने किंचित पातळ करावा, मधल्या थरात ट्यूबमधून येतो तसा वापरावा आणि शेवटच्या थरातच १ भाग जवसाचे तेल व २ भाग टर्पेंटाइन असे मिश्रण थेंबभर घालावे. सगळे रंग एकाच वेगाने वाळत नाहीत. अंबरमध्ये मँगनीज असते, त्यामुळे तो लवकर वाळतो, आणि म्हणूनच रेखाटनासाठी तो सोयीचा आहे. टायटॅनियम व्हाइट मात्र रेंगाळतो. टर्पेंटाइनची वाफ बाधते, तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात.

पाण्याकडे कसे पाहावे

चित्राचा निकाल इथेच लागतो, म्हणून या भागाला घाई करू नये.

पाण्याचा पृष्ठभाग काही प्रकाश परतवतो आणि काही आत जाऊ देतो. या दोहोंचे प्रमाण नजरेच्या कोनावर ठरते. संथ पाण्याच्या पातळीपासून १.६ मीटर उंचीवर आपले डोळे आहेत असे धरले, तर अगदी पायाशी असलेले पाणी फक्त २ टक्के प्रकाश परतवते; ४ मीटरवर सुमारे ११ टक्के, ९ मीटरवर सुमारे ३५ आणि ३० मीटरवर ७० टक्क्यांच्या आसपास. याचा चित्रातला अर्थ स्पष्ट आहे: पुढच्या पाण्यात तळ दिसतो, मधल्या पाण्यात तळ आणि प्रतिबिंब यांची सरमिसळ होते आणि दूरचे पाणी जवळजवळ केवळ प्रतिबिंबच असते. संपूर्ण पात्र एकाच पद्धतीने रंगवणारा माणूस हा बदल पुसून टाकतो आणि तिथेच सपाटी हरवते.

आणखी एक बारकावा आहे. आकाश इतके उजळ असते की त्याचा ११ टक्के परतलेला प्रकाशही अंधाऱ्या तळाला झाकून टाकतो. म्हणून उथळ पाण्यातले दगड जिथे झाडाचे गडद प्रतिबिंब पडले असेल तिथे स्वच्छ दिसतात आणि जिथे मोकळे आकाश पडले असेल तिथे नाहीसे होतात. काठावर उभे राहून डोके थोडे डावीकडे-उजवीकडे हलवले तर प्रतिबिंबाच्या कडेबरोबर दगड उघडे पडताना आणि झाकले जाताना दिसतात. ही गोष्ट चित्रात एकदा नीट उतरली की पाणी पारदर्शक वाटू लागते. त्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही.

डोळ्यांची उंची बदलली की सगळेच बदलते. फ्रेंच चित्रकार दोबिन्यी याने १८५७ मध्ये एका होडीवर आपला तरंगता स्टुडिओ थाटला आणि नदीतूनच नदी रंगवली. पुढे चित्रकार मोने यानेही तसेच केले. होडीत बसलेल्याचे डोळे पाण्याच्या जवळ असतात, त्यामुळे त्याला पाणी म्हणजे बहुतांशी आकाश आणि काठ यांचे प्रतिबिंबच दिसते. उलट नॉर्वेजियन चित्रकार फ्रिट्स थाउलो याच्या बऱ्याच नदीचित्रांत नजर वरून खाली, वाहत्या पृष्ठभागावर रोखलेली असते, आणि तिथे प्रवाहाच्या वळ्या व पाण्याचा स्वतःचा गडद रंग प्रमुख होतो. आपण कुठून पाहत आहोत हे रेखाटनाआधीच ठरवून टाकावे आणि चित्र संपेपर्यंत ते बदलू नये.

प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल, ही समजूत फार पसरलेली आहे. प्रत्येक बिंदूचे प्रतिबिंब त्याच्या बरोबर उभ्या रेषेत खाली येते एवढे खरे. पण पाण्यात दिसणारे दृश्य आपले डोळे पाण्याखाली तितक्याच खोलीवर असते तर जसे दिसले असते तसे असते. त्यामुळे पुलाचा तळभाग किंवा झुकलेल्या फांद्यांची खालची बाजू थेट दिसत नसली तरी पाण्यात दिसते. आणि झाडीच्या वर डोके काढणारा दूरचा डोंगर पाण्यात पुष्कळदा त्याच झाडीमागे दडतो. झाड काठापासून आत, उंच दरडीवर असेल तर त्याच्या प्रतिबिंबाचा बुंध्याकडचा भाग दरडच झाकते. प्रतिबिंबाची लांबी मोजायची ती काठाच्या कडेपासून नव्हे, तर पाण्याची पातळी त्या झाडाखाली जिथे पोहोचली असती तिथपासून.

छटांचा नियम सोपा आहे. उजळ वस्तू पाण्यात किंचित गडद दिसते, कारण तिचा सगळा प्रकाश परतत नाही. आणि गडद वस्तू किंचित उजळ दिसते, कारण पाण्यातल्या गाळाचा आणि तळाचा प्रकाश तिच्यात मिसळतो. म्हणजे प्रतिबिंबात उजेड-अंधाराचे अंतर वरच्यापेक्षा कमी असते. सावलीचे तसे नाही. स्वच्छ, खोल पाण्यावर झाडाची सावली जवळजवळ पडतच नाही. ती गढूळ पाण्यावर किंवा उथळ पाण्याच्या तळावर पडते. सावली आणि प्रतिबिंब यांची गल्लत झाली की प्रकाशाची दिशाच बिघडते, कारण सावली सूर्याप्रमाणे तिरपी जाते, तर प्रतिबिंब कायम उभे राहते.

रेखाटन आणि छटांचा आराखडा

आधी ८ × १० सेंटीमीटरच्या छोट्या चौकटींत पेन्सिलीने तीन-चार आराखडे करावेत. त्यांत फक्त ४ छटा वापराव्यात: सर्वांत उजळ आकाश, त्याहून थोडे गडद सपाट पृष्ठभाग, त्याहून गडद उतार आणि सर्वांत गडद उभ्या वस्तू, म्हणजे झाडे. प्रकाश वरून येतो म्हणून हा क्रम बहुतेक दिवसांच्या उजेडात टिकतो. बर्फ, वाळूचे पट्टे आणि मावळतीचा प्रकाश हे ठळक अपवाद. झाडी आणि तिचे प्रतिबिंब हा एकच मोठा गडद आकार म्हणून पाहावा. तो चौकटीत कुठे बसतो आणि त्याने आकाशाचे व पाण्याचे उजळ तुकडे किती उरतात यावरच रचना ठरते. हे दोन्ही उजळ तुकडे सारख्या आकाराचे झाले तर चित्र दुभंगते.

आता नजरेच्या पातळीची रेषा, म्हणजे क्षितिजरेषा. आपल्या नमुन्यात ती कॅनव्हासच्या खालच्या कडेपासून २४ सेंटीमीटरवर घेऊ आणि खालच्या कडेला दिसणारे पाणी आपल्यापासून ४ मीटरवर आहे असे मानू. सपाट पृष्ठभागावरचे अंतर दुप्पट झाले की चित्रातले त्याचे रेषेखालचे अंतर निम्मे होते. म्हणून ८ मीटरवरचे पाणी रेषेखाली १२ सेंटीमीटरवर, १६ मीटरवरचे ६ वर, ३२ मीटरवरचे ३ वर आणि ६४ मीटरवरचे केवळ दीड सेंटीमीटरवर येते. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहिला की नदी चढ चढल्यासारखी का दिसते ते चटकन कळते: ६० मीटरपलीकडच्या लांबलचक वळणाला प्रत्यक्षात बोटभर जागाही नसताना आपण त्याला पाच-सहा सेंटीमीटर देऊन बसतो. वळण आहे हे मनाला माहीत असते आणि हात ते नकाशासारखे वरून पाहिल्याप्रमाणे काढतो. दूरच्या वळणाच्या कडा जवळजवळ आडव्या रेषाच असतात. तिथे तिरपी रेषा दिसली की ती संशयास्पद समजावी.

प्रत्यक्ष नदीकाठी बसून काम करायचे असेल तर प्रकाश साधारण दोन तासांत इतका बदलतो की सुरुवातीच्या सावल्या उरत नाहीत. म्हणून बाहेर २० × २५ सेंटीमीटरचा लहान अभ्यास करावा आणि मोठे चित्र घरी करावे. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल याने १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे आकाशाचे असे अनेक छोटे तैलअभ्यास केले आणि त्यांतल्या कित्येकांच्या मागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ही सवय उचलण्यासारखी आहे. पाण्याच्या अभ्यासामागे वाऱ्याची नोंद नसेल तर नंतर तरंगांची दिशा आठवत नाही. छायाचित्राचा आधार घेण्यास हरकत नाही, पण कॅमेरा सावल्या काळ्या करतो, आकाश पांढरे पाडतो आणि लांबचे डोंगर असतात त्याहून लहान दाखवतो, हे ध्यानात ठेवूनच त्याच्याकडे पाहावे. पोलरायझर (चकाकी कमी करणारी भिंगापुढची काच) लावून काढलेले छायाचित्र तर पाण्याच्या अभ्यासाला निरुपयोगी, कारण तो नेमके प्रतिबिंबच पुसतो.

पहिली बैठक

आदल्या दिवशी, किंवा जमल्यास दोन-तीन दिवस आधी, कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला हात फिरवून फडक्याने पुसून घ्यावा, म्हणजे मध्यम उजळीची उष्ण जमीन, म्हणजे चित्राखालचा पायारंग, तयार होते. पांढऱ्या जमिनीवर प्रत्येक छटा असते त्याहून गडद वाटते आणि मग सगळे चित्र फिकट होत जाते. हा थर कोरडा झाला की बर्न्ट अंबरने मुख्य रेषा काढाव्यात: नजरेची पातळी, काठ, झाडीचा बाह्याकार, मोठे दगड. पाने आणि तरंग अजिबात नकोत.

रंग पॅलेट नाइफने मिसळून आधीच ढीग करून ठेवावेत. क्षितिजाजवळच्या आकाशासाठी पांढरा, थोडा ऑकर आणि कॅडमियम रेडचा कण. वरच्या आकाशासाठी पांढरा, अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियनचा स्पर्श. दूरच्या डोंगरासाठी आकाशाच्याच रंगात अल्ट्रामरीन, जरासा अलिझरिन व ऑकर. झाडीच्या अंधारासाठी अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि थोडा व्हिरिडियन. तिच्या उजेडासाठी अल्ट्रामरीन, लेमन आणि ऑकर. यातला प्रत्येक ढीग लागेल त्याच्या दुप्पट करावा, कारण हेच रंग थोडे बदलून पाण्यात पुन्हा येणार आहेत. आकाशासाठी एक निळा आणि पाण्यासाठी दुसराच निळा मिसळला की नदी दृश्यात परकी वाटते.

सुरुवात झाडीच्या अंधारापासून करावी आणि तोच गडद रंग पातळ हाताने, न थांबता, काठाच्या रेषेवरून खाली प्रतिबिंबात उतरवावा. काठ आणि पाणी वेगळे करण्याची घाई नको. मग क्षितिजाकडून वर आकाश भरत जावे. वर जाताना निळा गहिरा होतो. आकाश ओले असतानाच डोंगर लावावेत, म्हणजे त्यांची धार आपोआप मऊ राहते. दूरच्या डोंगरावरून पिवळेपणा आधी नाहीसा होतो, मग उजेड-अंधारातला फरक. डोंगर पुढे सरकतो आहे असे वाटले तर त्यात निळा ओतण्याआधी त्यातला गडदपणा कमी करून पाहावा. बहुधा तेवढ्याने काम भागते.

झाडीवर उजवीकडून प्रकाश आहे, तेव्हा उजेडाचे मोजके मोठे तुकडे ठेवावेत. पानांमधून दिसणाऱ्या आकाशाच्या फटी मोकळ्या आकाशापेक्षा थोड्या गडद रंगवाव्यात. तितक्याच उजळ ठेवल्या तर त्या झाडापुढे चिकटवल्यासारख्या दिसतात.

पाणी

पाण्याचा रंग आकाशाप्रमाणेच बदलत जातो, पण उलट्या क्रमाने. दूरचे पाणी क्षितिजालगतचे उजळ आकाश दाखवते, तर जवळचे पाणी आपल्याला वरचे, गहिरे आकाश दाखवते. म्हणजे झाडीचे प्रतिबिंब वगळून जे मोकळे पाणी उरते ते दूर उजळ आणि उष्ण, पुढे येताना गडद आणि निळसर, आणि अगदी पुढे तळाच्या तपकिरीत विरणारे असते. पाणी आडवे पाडण्याचे सर्वांत मोठे काम हा उतरता क्रम करतो. तो नीट जमला तर एकही तरंग न काढता पात्र सपाट दिसते, आणि तो बिघडला असेल तर तरंग ते झाकू शकत नाहीत.

लावण्याची कृती अशी. झाडीच्या गडद ढिगात थोडा करडा आकाशरंग आणि सिएना मिसळून प्रतिबिंबाचा अंधार करावा. उजेडाच्या ढिगात थोडे अंबर घालून तो खाली आणावा. ६ क्रमांकाच्या ब्रशने हे रंग पातळ थरात, उभ्या फटकाऱ्यांनी, वरून खाली लावावेत. वरच्या प्रत्येक आकाराच्या बरोबर खाली त्याचा जोडीदार आला आहे ना, हे पट्टी उभी धरून तपासावे. मोकळ्या आकाशाचे तुकडेही तसेच उभे लावावेत. सगळा भाग ओला असताना मऊ चपटा ब्रश पूर्ण कोरडा घेऊन, कॅनव्हासच्या खालच्या कडेला समांतर, अगदी हलक्या हाताने एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढावा. ब्रश पुसावा आणि थोडे खाली पुन्हा ओढावा. एका जागेवरून दोनदा, फार तर तीनदा. उभ्या फटकाऱ्यांनी खोली येते आणि आडव्या ओढीने पृष्ठभाग येतो. चौथ्यांदा ओढलेल्या ब्रशाने मात्र चिखल होतो, आणि चिखल झालेला ओला भाग दुरुस्त करत बसण्यापेक्षा नाइफने खरवडून पुन्हा लावणे केव्हाही बरे.

ब्रश ओढताना हात वळणाबरोबर वळू देऊ नये. नदी तिरपी येत असली तरी तिच्या पृष्ठभागावरचा फटकारा आडवाच राहतो.

काठ आणि पाणी जिथे भेटतात तिथे सरसकट रेघ ओढू नये. ओल्या मातीची एक अरुंद गडद पट्टी असते, ती मध्येच प्रतिबिंबात विरते, मध्येच गवताखाली जाते, आणि क्वचित एखादी उजळ, केसाएवढी आडवी रेषा तिला छेदते. निम्म्याहून अधिक काठ हरवलेला आणि थोडा सापडलेला, एवढे पुरे.

पुढचा उथळ भाग पहिल्या बैठकीत फक्त तळ म्हणून रंगवावा: अंबर, ऑकर आणि थोडा करडा, दगडांच्या कडा मऊ, उजेड-अंधारातला फरक कमी. पाण्याखालचे दगड चपटे, आडवे लंबगोल काढावेत आणि मागे जाताना ते आणखी चपटे होत जावेत. पाण्याबाहेर डोके काढणाऱ्या दगडाला तीन भाग असतात: वरचा कोरडा, उजळ, त्याखाली ओला, बराच गडद पट्टा, आणि त्याखाली प्रतिबिंब. मधला ओला पट्टा विसरला की दगड पाण्यात रुतत नाही, वर ठेवल्यासारखा राहतो.

दिवसाच्या शेवटी तेलाची फडकी गोळा करून टोपलीत टाकू नयेत. वाळताना जवसाचे तेल उष्णता सोडते आणि चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत, किंवा एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवावीत.

दुसरी बैठक

चार ते सात दिवसांनी रंग बोटाला लागेनासा झाला की पुढचे काम करता येते. काही भाग, विशेषतः अंबरचे, निस्तेज आणि कोरडे दिसतील. तिथे वर सांगितलेल्या तेल-टर्पेंटाइनच्या मिश्रणाचा अतिशय पातळ हात देऊन लगेच कापडाने पुसून घ्यावा. मूळ रंग परत दिसू लागतो आणि नवा रंग त्याच्याशी जुळवता येतो.

प्रथम पुढच्या उथळ पाण्यावर बर्न्ट सिएना आणि कणभर व्हिरिडियनचे ग्लेझ, म्हणजे खालचा रंग दिसू देणारा पातळ पारदर्शक थर, द्यावे. काठाशी ते जवळजवळ नसल्यासारखे असावे आणि खोल पाण्याकडे दाट होत जावे. ते ओले असतानाच त्यावर आकाशाचे प्रतिबिंब, म्हणजे निळसर करड्याचे काही आडवे, तुटक तुकडे, मऊ ब्रशने ठेवावेत आणि त्यांच्याखाली दगड खरोखर झाकले जाऊ द्यावेत. दगडांवर मेहनत घेतलेली असते म्हणून हात कचरतो. पण झाकलेले दगडच पाण्याला पृष्ठभाग देतात.

मग तरंग. तरंगाची आपल्याकडे झुकलेली बाजू आकाशाचा अधिक वरचा भाग दाखवते आणि पलीकडे झुकलेली बाजू खालचा, म्हणजे काठाकडचा. त्यामुळे झाडीच्या गडद प्रतिबिंबात आपल्याकडची बाजू झाडीच्या वरचे आकाश पकडते आणि उजळ रेघा उमटतात. तर आकाशाच्या उजळ प्रतिबिंबात, झाडीच्या सीमेलगत, पलीकडची बाजू झाडी पकडते आणि गडद रेघा उमटतात. म्हणजे प्रत्येक रेघेचा रंग शेजारच्या तुकड्यातूनच येतो. पांढऱ्या रंगाने सरसकट काढलेले तरंग खोटे दिसतात ते यामुळेच. रेघ आडवी, मधे किंचित जाड, दोन्ही टोकांना निमुळती असावी. त्यांच्यातले अंतर मागे जाताना वर सांगितलेल्या निम्म्याच्या नियमाने कमी होत जाते आणि साधारण मधल्या अंतरापलीकडे सुट्या रेघा दिसतच नाहीत. तरंग सर्वत्र सारखे पसरले की पाण्याचे विणकाम होते. ते प्रतिबिंबाच्या कडांशी गोळा करावेत आणि मोठे भाग शांत सोडावेत.

दूरच्या पाण्यावर वाऱ्याची झुळूक उतरली की तिथले प्रतिबिंब तुटते आणि गडद झाडीतून एक फिकट आडवा पट्टा जातो. असा एक, फार तर दोन पट्टे कोरड्या ब्रशने ओढले तर सपाटी पक्की होते. पट्टा नेमका आडवा हवा आणि त्याची वरची कड खालच्यापेक्षा थोडी धारदार ठेवली तर तो मागे जातो.

खळाळाचा भाग असेल तर तिथे हा क्रम बदलतो. उताराआधी पाणी गुळगुळीत आणि ताणलेले असते, दगडांमधून ते जिभेसारख्या निमुळत्या गडद पट्ट्यात घसरते आणि खाली पोहोचल्यावरच फेस होतो. तो गडद, नितळ भाग रंगवला नाही तर नुसता फेस कापसासारखा दिसतो. फेसालाही उजेड आणि सावली असते: प्रकाशाकडची बाजू पांढऱ्यात ऑकरचा कण घालून, सावलीची बाजू निळसर करड्याने, आणि शुद्ध पांढरा कुठेच नाही. फेसाच्या कडा बहुतेक मऊ असाव्यात. उडालेले थेंब एक-एक करून काढू नयेत. फटकाऱ्याची दिशा मात्र इथे प्रवाहाच्या उताराप्रमाणे जाते, कारण इथले पाणी सपाट नसतेच.

शेवटी मोजक्या जागी सूर्याची चमक ठेवावी. पांढऱ्यात लेमनचा कण, रंग जाडसर, ब्रश एकदाच टेकवून उचलायचा. गडद प्रतिबिंबाशेजारी ठेवलेली एक चमक उजळ पाण्यावरच्या दहा चमकांपेक्षा अधिक तेजस्वी दिसते. रिगरने काठावरचे थोडे गवत आणि एखादी ओणवी फांदी काढावी आणि त्यांच्या खाली त्यांचे तुटक प्रतिबिंब विसरू नये.

चित्र तपासताना ते आरशात पाहावे आणि मग उलटे धरून पाहावे. उलटे धरल्यावर नदी हे नाव डोळ्यांतून निघून जाते आणि तिरका झालेला काठ, फार गडद राहिलेले दूरचे पाणी किंवा जुळत नसलेले प्रतिबिंब लगेच खुपते. डोळे अर्धे मिटून पाहिल्यावर सुरुवातीच्या छोट्या आराखड्यातल्या ४ छटा अजून ओळखू येत असतील तर हात थांबवावा. त्या दिसत नसतील तर बारकावे वाढवण्यात अर्थ नाही. एखादा मोठा तुकडा पुन्हा रंगवावा लागेल.

वाळवणे आणि व्हार्निश

चित्र धुळीपासून दूर, पण उजेडाच्या खोलीत वाळू द्यावे. अंधारात वाळणारे जवसाचे तेल पिवळट पडते; तसे झालेच तर काही दिवस दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून, ठेवल्यावर ते बरेचसे निवळते. व्हार्निश पातळ थरांच्या चित्राला सहा महिन्यांनी आणि जाड थरांच्या चित्राला वर्षभराने द्यावे. काही आधुनिक कृत्रिम व्हार्निश याहून लवकर देता येतात, त्यासाठी बाटलीवरची सूचना पाहावी. टर्पेंटाइनने किंचित ओले केलेले पांढरे कापड चित्राच्या कोपऱ्यावरून हलके फिरवून पाहावे. कापडाला रंग लागला तर आणखी थांबावे. व्हार्निश पुढे कधीतरी काढून पुन्हा देता येईल अशा प्रकारचेच निवडावे, चित्र आडवे ठेवून रुंद मऊ ब्रशने एकाच दिशेने पातळ लावावे आणि एकदा ब्रश फिरलेल्या जागी परत जाऊ नये.